अत्याचारानंतर लगेच ऑनलाइन थेरपी सुरू करावी, की आधी वेळ जाऊ द्यावा?

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात परत लिहिते. धाकटी बहीण दुसऱ्या शहरात एकटी राहते, १९ दिवसांपूर्वी ओळखीतल्याच माणसाने तिच्यावर बलात्कार केला. झोप नाही, कामावर जात नाही, फोन फक्त तुमचा उचलते. कुणासमोर जाऊन बसायला ती तयार नाही, ऑनलाइन असेल तर "बघू" म्हणते. आणि तुमच्या मैत्रिणीने सांगितलंय की जखम ताजी आहे, इतक्यात थेरपीबिरपी करून उकरू नका, सहा महिने जाऊ द्या.

सहा महिने थांबू नका, हे माझं उत्तर. फक्त तिच्या "बघू"ला होकार समजून परस्पर अपॉइंटमेंट घेऊन टाकू नका, तिच्या बाबतीत तिला न विचारता जे व्हायचं ते एकदा होऊन गेलंय. दोन-तीन थेरपिस्टची माहिती काढा, तिच्यासमोर ठेवा, वेळ आणि माणूस तिला निवडू दे. दोन दिवस लागले तर लागू दे.

आता सविस्तर लिहिते, लांबेल जरा. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, १८ वर्षं झाली, त्यातली बरीचशी ट्रॉमावरच, म्हणजे मोठ्या आघातानंतरच्या मानसिक त्रासावरच गेली आणि कोविडपासून माझी निम्म्याहून जास्त सेशन्स स्क्रीनवरच होतात.

मैत्रिणीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाहीये बरं का. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल नावाच्या माणसाने डीब्रीफिंग म्हणून एक पद्धत मांडली, मुळात अग्निशमन दल, अँब्युलन्सवाले अशा लोकांसाठी. घटना घडली की एक-दोन दिवसांत बसवायचं आणि काय झालं, काय वाटलं, सगळं एकदाच बोलून मोकळं करायचं. ती पद्धत मग सगळीकडे पसरली, जिथे तिथे वापरली गेली. मलाही सुरुवातीला तेच शिकवलं होतं, की लवकरात लवकर सगळं बाहेर काढा, आणि मी ते केलंयसुद्धा, आज आठवलं की बरं वाटत नाही. कारण नंतर अभ्यास झाले तेव्हा उलटंच दिसलं. १९९७ मध्ये भाजलेल्या पेशंट्सवर एक अभ्यास झाला, ज्यांचं असं एकदाच डीब्रीफिंग केलं त्यांच्यात १३ महिन्यांनी पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) २६ टक्के आणि ज्यांचं काहीच केलं नाही त्यांच्यात ९ टक्के. २००२ च्या कोक्रेन आढाव्यानेही (असे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) हेच सांगितलं, एका बैठकीचं डीब्रीफिंग पीटीएसडी टाळत नाही, काहींना त्रासच होतो. तर "उकरू नका" हे तिथून आलंय. पण उकरून, उघडं टाकून निघून जाणं वेगळं आणि आठवड्यामागून आठवडे तोच माणूस तुमच्यासोबत बसून त्या जखमेचं बघतोय हे वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला आपण थेरपी म्हणतो.

आता १९ दिवसांचं. तुम्ही लिहिलंय "तिला पीटीएसडी झालाय". अजून तसं म्हणता येत नाही, त्या निदानासाठी लक्षणं महिन्याभरापेक्षा जास्त टिकलेली असावी लागतात. महिना व्हायच्या आत जे असतं त्याला तीव्र असेल तर अ‍ॅक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, आणि बऱ्याचदा ती नुसती हादरलेल्या शरीराची रीत असते. १९९२ मध्ये रॉथबॉम, फोआ वगैरे संशोधकांनी बलात्कार झालेल्या ९५ बायकांना दर आठवड्याला भेटून नोंदी ठेवल्या होत्या. साधारण बाराव्या दिवशी ९४ टक्के जणींमध्ये पीटीएसडीची लक्षणं पूर्ण भरत होती, पाच आठवड्यांनी ६५ टक्के, तीन महिन्यांनी ४७ टक्के. हे आकडे मी जवळपास प्रत्येक नव्या क्लायंटला सांगते कारण त्यात दोन्ही गोष्टी आहेत. आत्ता जे होतंय, दचकणं, रात्री तीनला जाग येऊन घाम फुटणं, अंघोळ नकोशी वाटणं किंवा दिवसातून चारदा अंघोळ करणं, ते वेडं होणं नाही, जवळपास सगळ्यांचं असंच होतं. आणि अर्ध्याअधिक जणी आपोआपही सावरतात. पण जवळपास अर्ध्या सावरत नाहीत, आणि तिसऱ्या आठवड्यात बघून तुमची बहीण कुठल्या अर्ध्यात आहे ते मी नाही सांगू शकत आणि दुसरं कुणीही नाही.

सहा महिने वाट बघण्यातला धोका तोच. हे सहा महिने रिकामे जात नाहीत, त्यात टाळणं शिकलं जातं. पहिल्या आठवड्यात ती रस्ता टाळते, मग तो भाग, मग संध्याकाळी बाहेर पडणं, मग ऑफिस, मग फोन. प्रत्येक वेळी टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि मेंदू त्या हायसं वाटण्यातून एवढंच शिकतो की बघा, टाळलं म्हणून वाचलो. सहा महिन्यांनी माझ्याकडे येतात तेव्हा घटनेपेक्षा या टाळण्याचाच पसारा मोठा झालेला असतो, नोकरी गेलेली, मैत्रिणी तुटलेल्या, आणि घरचे म्हणत असतात की आता तरी विसर.

लवकर केलेल्या कामाचा पुरावा काय? १९९५ मध्ये फोआच्या टीमने चार सेशन्सचा छोटा कार्यक्रम नुकताच हल्ला झालेल्या दहा बायकांना दिला आणि तो न दिलेल्या दहा जणींशी तुलना केली, घटनेनंतर दोन महिन्यांनी पीटीएसडी १० टक्के विरुद्ध ७० टक्के. आकडे बघून हुरळून जाऊ नका, फार छोटा अभ्यास. त्याच टीमने २००६ मध्ये ९० बायकांवर केला तेव्हा असं दिसलं की लवकर दिलेली सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी) बरं होणं वेगात आणते, पण नऊएक महिन्यांनी सगळ्या गटांची गाडी साधारण एकाच ठिकाणी पोचते. काही सहकारी म्हणतात, मग काय फायदा? मला हा प्रश्नच कळत नाही. नऊ महिने हे एखाद्या बाईच्या आयुष्यातले नऊ महिने असतात. पुढे २०१२ मध्ये अटलांटात रॉथबॉमच्या टीमने इमर्जन्सी विभागात आलेल्या १३७ लोकांवर अजून लवकर, घटनेनंतर काही तासांतच सुरू करून, एकेक तासाची तीन सेशन्स करून बघितली, एक्सपोजरचीच, म्हणजे टाळलेल्या आठवणींना सामोरं जाण्याच्या पद्धतीचीच सौम्य आवृत्ती, आणि सगळ्यात जास्त उपयोग लैंगिक अत्याचार झालेल्यांना झाला. लवकर म्हणजे लगेच नुकसान ही भीती त्यामुळे माझ्या मनातून बरीच गेली.

ऑनलाइनचं म्हणाल तर ते काही परवा आलेलं नाही. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाअखेरीपासून इंटरनेटवर लिहून घेण्याची थेरपी चालते. स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या लोकांनी प्रोलाँग्ड एक्सपोजर आटवून तीन आठवड्यांचा इंटरनेट कार्यक्रम केला, आघातानंतर दोन महिन्यांच्या आतल्या लोकांसाठी, १०२ जणांवर तपासला, लक्षणं नुसत्या वाट बघणाऱ्यांपेक्षा चांगली कमी झाली. २०२३ मध्ये एहलर्सच्या टीमचा २१७ जणांचा अभ्यास आला, त्यात थेरपिस्टच्या मदतीने ऑनलाइन चालणारी ट्रॉमावरची कॉग्निटिव्ह थेरपी ऑनलाइन स्ट्रेस मॅनेजमेंटपेक्षा सरस ठरली. या सगळ्यांत पलीकडे माणूस होता. मॉड्युल्स (ऑनलाइन धडे) असोत, व्हिडिओ कॉल असो, कुणीतरी वाचत होतं, उत्तर देत होतं, आठवड्याला विचारत होतं. नुसतं अ‍ॅप डाऊनलोड करून दिलं की लोक दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर सोडतात, कारण तिसऱ्या पायरीवर टाळलेल्या गोष्टीला हात घालायचा असतो आणि अ‍ॅप बंद करायला एक बोट पुरतं. चॅटबॉटबद्दल विचारलंत म्हणून सांगते, रात्री तीनला श्वासाचा व्यायाम आठवून द्यायला ठीक आहे, घटनेवरचं काम त्याच्यासोबत करू नका.

आता पहिलं सेशन कसं असतं ते सांगते, कारण बहिणीला भीती त्याचीच असेल. पहिल्या सेशनमध्ये मी घटना विचारत नाही. खरंच नाही विचारत. क्लायंट तयारी करून आलेली असते, ओठ घट्ट, आणि मी विचारते की आत्ता कुठे बसलीयेस, दाराला कडी आहे का, बाहेर कोण आहे, भिंतीपलीकडे ऐकू जातं का. माझ्या अनुभवात ऑनलाइनमध्ये स्क्रीनची अडचण फारशी होत नाही, अडचण खोलीची होते. लोक बाथरूममध्ये नळ सोडून बसलेत, पार्क केलेल्या गाडीत बसलेत, गच्चीवर बसलेत. हेडफोन तर लागतोच, म्हणजे माझं बोलणं तरी बाहेर जात नाही. आणि एक वाक्य ठरवतो, कुणी खोलीत आलं तर ती म्हणणार "ती फाइल उद्या पाठवते", की मी लगेच ऑफिसच्या कामाचं बोलायला लागते. एकदा असं झालं की क्लायंटची सासू दहा मिनिटं मागे कपडे घड्या घालत बसली आणि मी दहा मिनिटं कुठल्यातरी काल्पनिक इन्व्हॉइसबद्दल बोलत राहिले, नंतर आम्ही दोघी इतक्या हसलो, ते तिचं महिन्याभरातलं पहिलं हसणं.

कॅमेऱ्याबद्दल थेरपिस्ट स्वतःहून विचारत नसेल तर तुम्ही विचारा. या विषयात कॅमेरा निरुपद्रवी नसतो. काही जणींचं त्यावेळी चित्रीकरण केलेलं असतं, किंवा तशी धमकी दिलेली असते, आणि मग तो हिरवा ठिपका पेटला की श्वास अडकतो. काहींना स्वतःचा चेहरा कोपऱ्यात दिसत राहतो तेच सहन होत नाही, तो लपवायची सोय बऱ्याच अ‍ॅप्समध्ये असते, एक क्लिक आहे, पण सांगितलं नाही तर क्लायंट पन्नास मिनिटं स्वतःच्याच चेहऱ्याकडे किळसेने बघत बसते आणि आपल्याला वाटतं ती लक्ष देतेय. मी कॅमेरा बंद ठेवून सुरुवात करायला हो म्हणते. कायमचा नाही, कारण मला तिचा श्वास दिसायला हवा, ती सुन्न होऊन दुसरीकडेच गेली तर ते आवाजावरून उशिरा कळतं. तसंही स्क्रीनवर पाय दिसत नाहीत, हात दिसत नाहीत, समोरासमोर असताना बोटं टोकरताना दिसली असती ती इथे दिसत नाहीत. म्हणून मी विचारत राहते, पाय जमिनीला लागलेत का, हातात काय आहे, खोलीतल्या तीन निळ्या वस्तू सांग. बावळटासारखं वाटतं पण चालतं.

माझी एक चूक सांगते. ऑनलाइन सुरू केलं त्या पहिल्या वर्षी एका क्लायंटचं घटनेवरचं काम ऐन मध्यावर होतं आणि कॉल तुटला. माझ्याकडे दुसरा नंबर नव्हता, ती कुठे बसलीय तो पत्ता नव्हता, आणि कोणी कोणाला फोन करायचा हे ठरलेलंच नव्हतं. अकरा मिनिटं गेली. ती तिकडे एकटी, त्या आठवणीच्या मधोमध. ती परत आली म्हणून बरं. तेव्हापासून पत्ता, दुसरा नंबर, एका विश्वासाच्या माणसाचा नंबर आणि कॉल तुटला तर मीच फोन करणार, हे घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. तुमच्या बहिणीच्या थेरपिस्टने हे पहिल्या भेटीत विचारलं नाही तर माझ्या मते तो फार चांगला संकेत नाही.

मग खरं काम. दोन गोष्टींवर असतं ते, टाळणं आणि स्वतःला दोष देणं. दोष देण्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण लैंगिक अत्याचारात तोच सगळ्यात चिवट असतो आणि ओळखीचा माणूस असेल तर दुप्पट चिवट. एका क्लायंटचं सांगते, तपशील बदललेत, दोन-तीन जणींचं मिळून एक केलंय. चौथं सेशन होतं.

"मी ओरडले नाही," ती म्हणाली.

"ओरडायचं सुचलं होतं?"

"सुचलं होतं. आवाजच निघाला नाही."

"आणि हात?"

बराच वेळ गप्प. "हात माझे नव्हतेच. पंख्याच्या पात्यावर धूळ साचली होती, मी तिच्याकडे बघत होते."

"गप्प राहायचं असं ठरवलं होतंस का?"

"नाही. पण त्याला कसं कळणार की मला नकोय?"

"तू रडत होतीस?"

"हो."

"त्याने पाहिलं?"

"त्याने टीव्हीचा आवाज वाढवला."

एवढं बोलली आणि थांबली. मीही काही बोलले नाही. तीन आठवडे ती मला पटवत होती की त्याचा गैरसमज झाला असेल, आणि आवाज वाढवायला रिमोटकडे गेलेला हात तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. हे मी तिला पहिल्या दिवशी सांगू शकले असते की चूक तुझी नाही, घरचे रोज सांगतच होते, त्याने काही झालं नव्हतं. आपल्या तोंडून निघालेल्या पुराव्याचं वजन वेगळं असतं.

ते शरीर थिजणं आहे ना, त्याला टॉनिक इमोबिलिटी म्हणतात, प्राण्यांमध्येही असतं, सुटका नाही दिसली की स्नायू आपोआप लॉक होतात. स्टॉकहोमच्या बलात्कारपीडितांच्या इमर्जन्सी क्लिनिकमध्ये महिन्याभराच्या आत आलेल्या २९८ बायकांना विचारलं, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं, ७० टक्के जणींना हे बऱ्यापैकी झालं होतं आणि ४८ टक्के जणींना टोकाचं. आणि ज्यांना झालं त्यांच्यात सहा महिन्यांनी पीटीएसडी जास्त. म्हणजे जी जास्त थिजली तिलाच नंतर जास्त त्रास, आणि वरून तिलाच लोक विचारणार की प्रतिकार का नाही केलास. बहिणीला हे एकच सांगा बाकी काही नाही सांगितलंत तरी चालेल, मात्र एकदाच, आणि वाद घालू नका.

या दोषावर काम करणारी जी थेरपी आहे, सीपीटी, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, ती पॅट्रिशिया रेसिक यांनी मुळात बलात्कारातून गेलेल्या बायकांसाठीच बनवली, सैनिकांसाठी वगैरे ती नंतर वापरली गेली. साधारण १२ सेशन्स, त्यात लेखी काम खूप, त्यामुळे ऑनलाइन छान बसते, शीट स्क्रीनवर दोघींसमोर उघडी असते. दुसरी प्रोलाँग्ड एक्सपोजर, यात क्लायंट घटना वर्तमानकाळात, आत्ता घडतेय अशी सांगते, फोनवर रेकॉर्ड करते, आणि घरी रोज ऐकते. ऐकायला क्रूर वाटतं, मलाही शिकताना वाटलं होतं. त्रास शून्य ते शंभर मोजायचा, पहिल्यांदा ऐकताना नव्वद, तिसऱ्यांदाही पंच्याऐंशी, तिथेच सगळ्यांना सोडावंसं वाटतं आणि तिथेच मी मेसेज करते. मग एक दिवस क्लायंट म्हणते, "मला ऐकताना कंटाळा आला." कंटाळा हा शब्द मी वहीत अधोरेखित करते. ईएमडीआर, डोळ्यांच्या हालचाली करवून घेत आठवणीवर काम करणारी, ही तिसरी, तीही ऑनलाइन होते, मी ती करत नाही म्हणून जास्त बोलत नाही.

एक्सपोजर म्हणजे खऱ्या धोक्यात ढकलणं नव्हे, हे घरच्यांना दरवेळी सांगावं लागतं. लाइट बंद करून झोपणं, लिफ्टमध्ये चढणं, तो परफ्यूम दुकानात परत हुंगणं, हे एक्सपोजर. तो माणूस येतो त्या ग्रुपच्या पार्टीला जाणं हे एक्सपोजर नाही, तिथे टाळणं हाच शहाणपणा.

आणि १९ दिवसांच्या टप्प्यावर लगेच रेकॉर्डिंगपासून सुरुवात होईल असंही नाही. मी बहुतेक वेळा पहिली दोन-तीन सेशन्स झोप, सुरक्षितता, काय होतंय याची माहिती आणि दिवसात एक छोटी टाळलेली गोष्ट एवढ्यावर घालवते. पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची यादी भरून घेते, ८० पैकी, ३१ ते ३३ च्या वर गेलं की कान टवकारायचे, दर आठवड्याला परत भरायची. स्कोअर आपोआप उतरत असेल तर मी मागे सरते, उगाच थेरपी लांबवण्यात काही नाही. महिन्यानंतरही तिथेच अडकला असेल तर मग मुख्य काम.

ऑनलाइन कधी नको तेही ऐका. जीव द्यायचे विचार नुसते येऊन जात नसून काही योजना असेल, तर आधी प्रत्यक्ष डॉक्टर, त्याच दिवशी, आणि तिला एकटं ठेवू नका. अत्याचार करणारा माणूस त्याच घरात असेल किंवा तिच्या फोनचा पासवर्ड त्याच्याकडे असेल. वारंवार तासन् तास सुन्न होऊन जात असेल, किंवा दारूशिवाय झोपच येत नसेल, तेव्हाही ऑनलाइन नको. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या सूचना कम्प्युटरवरच्या सीबीटीबद्दल हेच म्हणतात, घटनेला तीन महिने उलटले असतील, तिला समोरासमोरपेक्षा तीच हवी असेल आणि लक्षणं फार तीव्र नसतील, स्वतःला इजा करण्याचा धोका नसेल, तर विचार करा. तिथे मॉड्युल्सची थेरपी म्हणायची आहे, व्हिडिओवर थेरपिस्ट समोर असेल तर थोडी जास्त मोकळीक मी घेते, पण जीवाच्या धोक्याबाबत नाही.

तुमच्या बाबतीत तो माणूस ओळखीतला आहे म्हणून फोनचं आजच बघा. जुना शेअर केलेला क्लाउड अकाउंट, लोकेशन शेअरिंग, दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपवर चालू राहिलेलं चॅट, स्क्रीनवर झळकणारी नोटिफिकेशन्स. थेरपिस्टचं नाव कॉन्टॅक्टमध्ये "क्लास" म्हणून सेव्ह करायला काही हरकत नाही.

शरीराची तपासणी झाली नसेल तर अजूनही होऊ शकते. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात, गर्भ राहू नये म्हणून तातडीची गोळी जितकी लवकर तितकी बरी, पाच दिवसांच्या आत, या दोन्ही मुदती तुमच्या बाबतीत गेल्यात, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या गेल्या नसतील तर थेरपी वगैरे नंतर, आधी हॉस्पिटल. तुमच्या बहिणीसाठी संसर्गाच्या टेस्ट आणि गर्भधारणेची टेस्ट, ती घटनेनंतर तीन आठवड्यांनी भरवशाची येते म्हणजे याच आठवड्यात. मनातला हा एक प्रश्न निकालात निघाला की झोपेवर किती फरक पडतो ते मी पाहिलंय.

झोपेच्या गोळ्यांबद्दल. ओळखीच्या कुणीतरी घरातली पट्टी काढून दिली असेल तर परत करा. बेंझोडायझेपिन गटाच्या गोळ्या पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय, तरी सर्रास दिल्या जातात. रात्र जाते, शिकणं थांबतं, आणि सवय लागते. औषध लागलंच तर सायकियाट्रिस्टला विचारून.

थेरपिस्ट निवडताना सरळ विचारा, ट्रॉमासाठी कुठली पद्धत वापरता, किती सेशन्स, प्रगती कशी मोजता, नोंदी काय लिहिता आणि त्या कोण मागू शकतं. शेवटचा प्रश्न तक्रारीच्या दृष्टीने महत्त्वाचा, पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर नोंदींचा प्रश्न येऊ शकतो, म्हणून तिथल्या वकिलाशी एकदा बोलून घ्या. तक्रार करायची की नाही हे थेरपिस्टने ठरवायचं नाही, तुम्हीही नाही. तक्रार नाही केली म्हणून थेरपी अडत नाही आणि थेरपी सुरू केली म्हणून तक्रार करावीच लागते असंही नाही. "सगळं मनातून काढून टाका, माफ करा, पॉझिटिव्ह राहा" असं पहिल्याच सेशनमध्ये कुणी म्हणालं तर दुसरा शोधा, पैसे गेले तर गेले. बाई थेरपिस्टच हवी हा तिचा आग्रह असेल तर तो मान्यच. (आणि हे सगळं पुरुषांनाही लागू आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत ते कमी असतात, ते त्यांच्यावर कमी घडतं म्हणूनच असं मला वाटत नाही.)

राहिलं तुमचं काम. तुम्ही लिहिलंय की रोज रात्री तिच्याकडून थोडं थोडं काढून घेताय म्हणजे तिचं मन हलकं होईल. ते थांबवा ताई. ती सांगेल तेवढं ऐका, पुढचा प्रश्न विचारू नका. तपशील ऐकायचं काम थेरपिस्टकडे जाऊ दे म्हणजे तिला एक माणूस असा उरेल ज्याच्याशी बोलताना ती घटनेतली बाई नसेल, फक्त धाकटी बहीण असेल. पहिल्या सेशनच्या वेळी मोकळ्या राहा, पण ते संपल्या संपल्या "कसं झालं, काय विचारलं" असा फोन करू नका, बहुतेक जणी सेशननंतर तासभर गळून पडतात, काहींना त्या रात्री जास्त वाईट स्वप्नं पडतात आणि घरचे घाबरून म्हणतात बघ, सांगितलं होतं ना उकरू नको. ते दोन-तीन सेशन्स चालतं. तासाभराने मेसेज टाका, जेवलीस का म्हणून.